उंच गाडीवरची नऊवारी

हल्ली पाडव्याच्या शोभायात्रेत पोरी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, फेटे बांधून मोटारसायकली चालवतात. फोटो निघतात, पेपरात छापून येतात. चांगलं आहे, करा बायांनो मजा. पण मी नऊवारी नेसून मोटारसायकलवर बसले ती हौस म्हणून नव्हे. माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि दुसरा इलाज उरला नव्हता, म्हणून बसले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. माझं माहेर अंबरनाथचं, वडील कारखान्यात ऑफिसर. सासर सोनिवलीचं, बदलापूरच्या पलीकडे, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्यांचं. घरात सासू, नवरा आणि मी. हे अंबरनाथच्या एमआयडीसीत सुपरवायझर होते आणि मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका मराठी शाळेत चौथीला शिकवायचे. नोकरी तात्पुरती होती. वर्ष संपताना तपासणीचे साहेब येणार, वर्गावर बसून पाठ बघणार, मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेला, माझ्याबद्दल विचारणार, आणि मग काय ते ठरणार. कायम झाले तर जन्माची ददात मिटली, नाही झाले तर उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर मीही सुट्टीवर.

शाळा सकाळची. घंटा व्हायच्या आत वर्गात उभं राहायचं, हा मोठ्या बाईंचा नियम. दुसरा नियम साडीचा. शिक्षिका साडीतच पाहिजे, ड्रेस घातलेला चालणार नाही. सोनिवलीहून स्टेशनपर्यंत चालत जा, गाडी पकडा, उतरून पुन्हा चाला, असं केलं की मी हमखास घंटेनंतर पोचायचे. अंधारात उठून भाकऱ्या थापा, पाणी भरा, डबे करा, आणि एवढं करून मुलांच्या देखत मोठ्या बाईंचे डोळे झेला. थकले होते हो मी. वय काय तर पंचविशीच्या आसपास, पण खुर्चीत बसले की डुलकी यायची. मुलं पाढे म्हणत असायची आणि माझी मान खाली.

म्हणून ठरलं की हे मला मोटारसायकलवरून कॅम्प पाचला सोडतील आणि तिथून मागे अंबरनाथला कारखान्यात जातील. ऐकायला किती सोपं! पण नेमकी त्याच सुमाराला आमच्या ह्यांना अवदसा आठवली होती.

ह्यांच्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक होती. साधी, सरळ, चार माणसांकडे असते तशी. कॅम्प पाचमधल्या रद्दीवाल्याकडे ह्यांना एक परदेशी मासिक सापडलं आणि त्यातल्या एका फोटोवर ह्यांचा जीव जडला. मातीत उड्या मारायची उंच, हडकुळी मोटारसायकल, पण चाकं लहान आणि टायर डांबरावरचे, गुळगुळीत. तिकडे म्हणे अशा गाड्यांची शर्यत लावतात, अर्धी डांबरावर आणि अर्धी मातीत. ह्याला सुपरमोटो म्हणतात हे आता माझा मुलगा सांगतो. तेव्हा आम्ही तिला नुसतं "उंच गाडी" म्हणायचो.

"अगं, अर्धं डांबर आणि अर्धी माती! म्हणजे आपला बदलापूर-अंबरनाथ रस्ताच की!" हे मला फोटो दाखवत म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. चिखलोलीजवळ तेव्हा घरं नव्हती, आता स्टेशन होणार म्हणतात तिथे नुसती शेतं. रस्ता मध्येच डांबरी, मध्येच खडीचा, मध्येच नुसता खड्डा.

कॅम्प पाचमध्ये एका सिंधी शेठचं गॅरेज होतं. तिथे महिनाभर आमची गाडी पडून होती. भंगारातून लांब शॉकअप शोधून पुढे लावले, मागचेही उंच केले. पुढचं चाक काढून लहान, रुंद टायरचं बसवलं. हँडल म्हशीच्या शिंगांसारखं रुंद. मडगार्ड चाकापासून हातभर वर. सीट फळीसारखी अरुंद आणि तितकीच कडक. वजन कमी करायचं म्हणून जे जे काढता येईल ते ते काढलं, आणि त्यात माझं साडीगार्डही गेलं. बाईमाणसाची साडी चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूला जी जाळी असते ना, ती. तिच्याखाली पाय ठेवायची पट्टी असते, तीही गेली.

गाडी दारात आली तेव्हा शेठ स्वतः सोडायला आला होता. मला बघून म्हणाला, "भाभी, आप इसपे चढ़ेंगी कैसे?" मी ह्यांच्याकडे बघितलं. हे गाडीकडे बघत होते. कप्पाळ माझं!

चढायला ओट्याचा उपयोग व्हायचा. हे गाडी ओट्याला लावायचे आणि मी वरून एका बाजूला बसायचे, पदर खोचून, निऱ्या मुठीत धरून, पाय लोंबकळत. गाडी एवढी हलकी की माझं सगळं वजन डावीकडे आलं की तीही डावीकडे ओढायची. हे रुंद हँडल उजवीकडे दाबून तिला सरळ ठेवायचे. उजव्या वळणावर ती वळायला मागायची नाही आणि डाव्या वळणावर एकदम पडायलाच बघायची. पुढचा ब्रेक दाबला की लांब शॉकअप खाली बसायचे, गाडी वाकून नमस्कार करायची आणि मी ह्यांच्या पाठीवर आदळायचे. दुसऱ्याच आठवड्यात चिखलोलीच्या वळणावर मी सीटवरून घसरले आणि थेट शेताच्या बांधावर बसले. लागलं काही नाही. पण साडी झटकून, पुन्हा चढायला एक दगड शोधून शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना संपली होती.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. पण त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, तुम्ही शिकवता चांगलं. पण साहेबांनी विचारलं वेळेवर येतात का, तर मी खोटं सांगणार नाही. ह्यापुढे एकदा जरी उशीर झाला तरी मला काही विचारू नका." मी मान हलवली. घरी येऊन रडले, आणि चिडून ह्यांना म्हटलं, "तुमच्या ह्या उंटापायी माझी नोकरी जाणार. आधी होती तशी करून आणा गाडी."

हे गप्प बसले. हे गप्प बसले की समजायचं की आतून फार लागलंय. सासूबाई मात्र सगळं ऐकत होत्या. त्यांनी त्यांच्या परीने तोड काढली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे कारखान्यातून येऊन झोपले असताना त्यांनी शेजारच्या दोन बाप्यांना हाताशी धरलं, गाडी ढकलत गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेली आणि लोखंडी सळयांचं दणकट साडीगार्ड डाव्या बाजूला कायमचं जोडून आणलं. शिवाय खाली पाय ठेवायला रुंद लोखंडी फळी. म्हणजे सुनेला नीट बसता येईल. दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला आणि मग आम्हाला बाहेर बोलावलं.

हे बघतच राहिले. घराच्या खिडकीची जाळी काढून गाडीला लावावी तसं दिसत होतं ते.

"आई, हे काय केलंस गं!"

"कनाला, काय झाला? चांगला हाय ना? आता पडाची नाय ती," सासूबाई म्हणाल्या, आणि गाडीला हळदकुंकू लावून मोकळ्या झाल्या.

आईला काय बोलणार? हे आठवडाभर त्या सळया तशाच घेऊन फिरले. आणि साडीगार्डाचा उपयोग काय झाला, तर डाव्या वळणावर गाडी थोडी झुकली की फळी रस्त्याला घासायची, ठिणग्या उडायच्या आणि मागचं चाक उचललं जायचं. एकदा अंबरनाथच्या नाक्यावर आम्ही दोघंही पडता पडता वाचलो. तेव्हापासून हे डावं वळण आलं की रिक्षासारखे रुंद, सावकाश फिरवून घ्यायचे, आणि आम्ही कसेबसे घंटेच्या तोंडावर पोचायचो.

मग एका रविवारी हे ओट्यावर करवत घेऊन बसले, त्या सळया कापायला. कापता कापता मला म्हणाले, "एकच इलाज आहे. तू दोन्हीकडे पाय टाकून बस. मग मी तुला झोपेत सुद्धा वेळेवर नेईन."

"आणि साडीचं काय करू? डोक्याला गुंडाळू?"

आतून सासूबाई आल्या. कापलेल्या सळयांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मला म्हणाल्या, "लुगरं नेस गो. आमी लुगऱ्यावर भात लावला, झारावर चरलो, बैलगारी हाकली. दोनी पाय मोकळं. तुझ्या मोठ्या बायला साडी पायजे ना? मग लुगरं काय साडी नाय?"

खरंच की! शाळेचा नियम साडीचा होता. किती वारी, हे कुठे म्हटलं होतं?

दुसऱ्या दिवशी अंधारात सासूबाईंनी मला नऊवारी नेसवली. त्यांचं स्वतःचं लुगडं गुडघ्यापर्यंत असायचं, शेतात वावरायला सोयीचं. मला मात्र त्यांनी घोट्यापर्यंत ठेवली, शाळेत जायचं म्हणून. कासोटा असा आवळला की मला श्वास घेता येईना. "ढिला केलास तं चाकान जाल," म्हणाल्या. मग मी ओट्यावरून पाय टाकून, आयुष्यात पहिल्यांदा, दोन्हीकडे पाय सोडून बसले.

काय सांगू! गाडी वेगळीच झाली. तोपर्यंत मी त्या गाडीवर ठेवलेलं गाठोडं होते. आता मांड्यांनी सीट धरून ठेवता येत होती. ह्यांनी सांगितलं, "वळणावर माझ्याबरोबर आडवी होऊ नकोस. गाडी खाली जाईल, आपण सरळ बसायचं." आणि खरंच, हे रुंद हँडलाची आतली बाजू नुसती दाबायचे, गाडी आमच्या दोघांच्या खाली वाकायची, आम्ही वर सरळच्या सरळ, आणि वळण संपलेलं असायचं. डांबर संपून खडी लागली तरी हे वेग कमी करायचे नाहीत. ते लांब शॉकअप खड्डा गिळून टाकायचे, मला नुसतं झोपाळ्यावर बसल्यासारखं व्हायचं. कॅम्प पाचच्या गल्ल्यांत तर ती गाडी म्हणजे राणी. हातगाड्या, पापडांची पोती, रिक्षा, मधोमध बसलेली गाय, सगळ्यांच्या डोक्यावरून पुढचं दिसायचं. बोळात जागच्या जागी वळायची. कधी कधी मला एवढं बरं वाटायचं की मी थकलेय हेच विसरायचे, मग शाळेच्या पायऱ्या चढताना पुन्हा आठवायचं.

दुखणी होतीच. अंबरनाथचा सरळ रस्ता आला की इंजिन नुसतं किंचाळायचं, वेग म्हणावा तर काही नाही, वारा छातीवर, आणि त्या फळीसारख्या सीटनं कंबर मोडून जायची. टाकी लहान, सारखं पेट्रोल भरा. लोक बघायचे ते वेगळंच. स्टॉपवरची पोरं ओरडायची, "ओ झाशीवाली!" मी वळून बघायचे नाही. आमच्या माहेरच्या ओळखीतल्या एका काकूंनी तर आईला घरी जाऊन सांगितलं, "तुमची मुलगी सासरी जाऊन अगदीच गावंढळ झाली हो." आई मला बोलली. मी म्हटलं, "आई, मला नोकरी पाहिजे, बाकी लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत."

आणि उशीर थांबला. एकदाही झाला नाही. मोठ्या बाईंनी पहिल्या दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. साडी ती साडीच होती.

त्याच थंडीत एकदा मी वर्गात लवकर पोचले. मुलं अजून आली नव्हती. खिडकीशी उभी होते. शाळेसमोर मोकळी जागा होती, अर्धी डांबरी आणि अर्धी मातीची. हे मला सोडून निघाले होते, पण लगेच गेले नव्हते. त्यांना वाटलं असेल मी आत गेले. त्यांनी मोकळ्या जागेला एक फेरी मारली. मी मागे नव्हते, त्यामुळे हे सीटवर पुढे सरकून अगदी टाकीला चिकटून बसले होते. वळणाच्या आधी त्यांनी ब्रेक दाबला, मागचं चाक हलकं होऊन बाहेरच्या बाजूला सरकलं, सरकतच राहिलं, ह्यांनी आतला पाय पुढे काढला, कोपरं वर, आणि गाडी अशी काही गर्रकन फिरली की मातीचा नुसता पंखा उडाला. डांबरावर आली आणि पुन्हा सरळ. परत दुसऱ्या टोकाला तेच. आणि हे हसत होते. तोंड उघडं टाकून, एकटेच, लहान पोरासारखे हसत होते.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, असं आहे होय! ही गाडी अशी चालते, मी नसताना. मला सोडताना ह्यांना चाक सरकू देता येत नाही, पुढे बसता येत नाही, पाय काढता येत नाही. दिवसभर कारखान्यात वरचे झापणार आणि खालचे ऐकणार नाहीत, घरी आलं की शेत, पंप, आई, बायको. त्यातून स्वतःसाठी म्हणून एक गाडी केली, तर तिच्या मागच्या सीटवरही मी. रागाचं मग काय झालं कोण जाणे. घंटा झाली, मुलं आली.

त्यानंतर मी ह्यांना दोनदा म्हटलं की मी स्टेशनवरून जाते, आणखी लवकर उठते. हे म्हणाले, "वेडी आहेस का? आता तपासणी आली." आणि मला ते ऐकून बरं वाटलं, तेही सांगते. आणखी लवकर उठायचं त्राण माझ्यात नव्हतं.

तपासणीच्या दिवशी नेमका चिखलोलीच्या अलीकडे एक ट्रक आडवा झाला होता. रस्ताभर वाळू, दोन्हीकडे गाड्यांची रांग, ड्रायव्हर उतरून विड्या ओढत बसलेले. मी घड्याळात पाहिलं. "गेली नोकरी," मी म्हटलं. ह्यांनी मागे न बघता विचारलं, "कासोटा घट्ट आहे ना?"

"आहे."

"मग धर."

गाडी रस्त्यावरून शेतात उतरली. आदल्या दिवशी कोणीतरी वालाला पाणी सोडलं होतं, चिखल झाला होता. गुळगुळीत टायर चिखलात धरतायत कसले! गाडी मागून डावीकडे जायची, उजवीकडे जायची, हे पाय ठेवायच्या पेगांवर उभे राहून हँडल नुसतं सैल धरून होते आणि मला ओरडून सांगत होते, "सरळ बस! तू सरळ बस!" मी डोळे मिटून सरळ बसले. सगळं लक्ष मांड्यांत. एक बांध आला, गाडीने तो चढून उतरला, माझे दात दातांवर आपटले. आणि मग एकदम खालून डांबराचा आवाज आला. एवढा गोड आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही.

शाळेच्या दारात साहेब नुकतेच रिक्षातून उतरत होते. मी उंच गाडीवरून उडी मारली. नऊवारी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, केस सुटलेले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातली पिशवी माझ्या हातात दिली. "मावशी, जरा पाणी आणा. आणि चौथीच्या बाई आल्यात का बघा."

मी पिशवी घेतली, पाणी आणून दिलं आणि म्हटलं, "आल्या आहेत साहेब." मग वर्गात जाऊन फळ्यावर तारीख घातली. साहेब आत आले, मला फळ्याशी बघून दारातच थबकले. त्यांनी सगळा पाठ खाली मान घालून ऐकला. मोठ्या बाईंना त्यांनी विचारलं, वेळेवर येतात का? त्या म्हणाल्या, "कशाही येतात, पण वेळेवर येतात."

मी कायम झाले.

सासूबाईंनी गावात पेढे वाटले. पुढच्या वर्षी मला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी मोटारसायकल बंद सांगितली. हे कोणाशी काही बोलले नाहीत. एका संध्याकाळी मी घरी आले तर ओट्याला एक स्कूटर लावलेली. बुटकी, रुंद सीटची, पुढे मूल उभं करायला जागा असलेली. उंच गाडी शेठकडे देऊन आले होते. मला म्हणाले, "आता पाचवारीच नेस. बरी बसशील." झालं एवढंच. शेठने ती कोणाला विकली, पुढे तिचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढची बरीच वर्षं ती स्कूटर चालली. मी निवृत्त झाले, हेही झाले. माझी पेन्शन आली त्या महिन्यात आम्ही ओट्यावर बसलो होतो. इतकी वर्षं मनात होतं ते मी एकदाचं विचारलं, "काय हो, ती उंच गाडी तुम्ही स्वतःसाठी केली होती. मी रोज मागे बसायचे. कधी वाटलं नाही, की एकट्याने चालवावी?"

हे म्हणाले, "छे गं. एकट्याने चालवायला ती काही कामाची नव्हती. मागचं चाक धरायचंच नाही. तू बसलीस की नीट चालायची."

मी ती खिडकीतून पाहिली होती. ते सरकणारं चाक आणि हसणारे हे, दोन्ही पाहिलं होतं. तसं हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"हो ना," मी म्हटलं. "मलाही तसंच वाटायचं."